डाव्या बाजूचा बैल

आमच्या वाडीवर सगळ्यांत आधी बदकं उठायची. कोंबडा नंतर. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण आमचा कोंबडा आळशी होता आणि बदकं नव्हती. फुटक्या डब्यात खडे हलवावेत तसा त्यांचा आवाज सुरू झाला, की आई अंथरुणातूनच म्हणायची, "उठा, तुमच्या हौसेचे पाहुणे उठले." हे बाबांना उद्देशून असे. बाबा सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कारकून होते. दिवसभर आजारी माणसांची नावं लिहून घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी धडधाकट जीवांत जाऊन बसावंसं वाटणार, हे मला आता कळतं. तेव्हा ते नुसतं वेड वाटायचं. पिपरी मेघेच्या पुढे, नाल्याच्या काठाला त्यांनी दोन एकराचा तुकडा घेतला, त्यात दोन खोल्या बांधल्या आणि शहरातली बरी खोली सोडून आम्हांला तिथे नेऊन ठेवलं. आज त्या तुकड्याच्या तिन्ही बाजूंना लेआउट पडलेत आणि लोक मला विचारतात, तुमच्या वडिलांना आधीच कसं कळलं हो? त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांना गाय पाळायची होती.

वाडी बाबांची होती, पण चालवायची आई. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि वाडीवरही तिचा कारभार वर्गासारखाच होता. नियम एकच: इथे फुकट कोणी खाणार नाही. कोंबड्या अंडी देत, म्हणून राहिल्या. बदकं वांग्याच्या आळ्यांतल्या गोगलगाई वेचून खात, म्हणून राहिली. बाबांनी कुठूनसे आणलेले ससे नुसतेच खात आणि वाढत, म्हणून ते महिनाभरात ज्याचे त्याला परत गेले. मोठा भाऊ नागपूरला वसतिगृहात होता, त्यामुळे त्याच्या वाट्याची कामंही माझ्याकडे आली. सकाळी कोठ्यातलं शेण भरायचं, झाडायचं, कोंबड्यांना कण्या टाकायच्या, गाईसमोर सरकीची ढेप भिजवून ठेवायची आणि मग आंघोळ करून शाळा. केसांना ढेपेचा वास यायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या आणि मधल्या सुट्टीत माझ्याच डब्यातल्या ताज्या लोण्यावर तुटून पडायच्या, त्यामुळे मी त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. संध्याकाळी चुलीवर भाकरी, कधी अंबाडीची भाजी, थंडीत तुरीच्या सोल्यांची आमटी. दूरवर रेल्वेची शिट्टी आणि कोठ्यात गाईचं रवंथ. आवाज म्हटले तर एवढेच, पण ते पुरत.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी डावखुरी आहे. आईला हे मान्य नव्हतं. ती दुष्ट नव्हती. डाव्या हातानं जेवणारी मुलगी सासरी कशी खपेल, याची तिला खरीच काळजी होती. जेवताना ती माझा डावा हात ओढणीनं पाठीशी बांधून ठेवायची. पाटीवर उजव्या हातानं गिरवून घ्यायची. चौथीपर्यंत तिनं नेटानं हे केलं आणि मग एका दिवसात सोडून दिलं. का, ते तिनं सांगितलं नाही. पण दोन गोष्टींत सूट नव्हती. जेवण आणि देवाचं काम उजव्याच हातानं. "प्रसाद डाव्या हातानं देशील तर देवच परत करील," असं ती म्हणायची, आणि तिचा चेहरा असा असायचा, की देवाशी तिचं बोलणं झालेलं आहे.

आमची गाय गवळाऊ जातीची होती. पांढरीशुभ्र, हाडापेरानं हलकी, लांब तोंडाची. तिला मी सातवीत असताना गोऱ्हा झाला. खरवस खाऊन झाल्यावर आईनं विचारलं, "आता याचं काय?" कालवड असती तर प्रश्नच नव्हता. गोऱ्हा म्हणजे दूध नाही, आणि आमचं शेत भाड्याच्या ट्रॅक्टरनं एका सकाळीत नांगरून व्हायचं. बाबा म्हणाले, "मोठा तर होऊ दे." त्यांच्या बहुतेक प्रश्नांना त्यांचं हेच उत्तर असे. नालाकाठी उभ्या असलेल्या बगळ्यासारखा दिसायचा म्हणून मी त्याला बगळ्या म्हणू लागले आणि शाळेतून आल्यावर रोज त्याला नाल्यावर पाणी पाजायला नेणं हे माझं काम झालं. दावं माझ्या डाव्या हातात, बगळ्या माझ्या डावीकडे. रोज, तीन वर्षं. तो चालताना मान माझ्याकडे कलती ठेवायचा आणि माझ्या कोपराला चाटायचा. त्याची जीभ खरवडणीसारखी होती. कोपराची कातडी कायम सोललेली असे. मी त्याला फार जीव लावला होता असं लिहायला बरं दिसेल, पण तसा विचार मी कधी केला नाही. तो रोजचा होता, एवढंच.

मी दहावीत गेले तेव्हा बगळ्या पुरता बैल झाला होता. गुरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला खच्ची करून आणलं होतं, वेसण घातली होती. आणि आईनं सांगून टाकलं. "पेरणीच्या आधी याला काम लागलं तर राहील. नाहीतर बाजार." गुरांच्या बाजारातून जोडी नसलेला एकटा बैल कोणत्या गाडीत चढतो, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. बाबांनी चष्मा पुसला. आईनंही ते सहज म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. पण उन्हाळ्यात चारा तोडूनतोडून पुरवायची तीच, आणि गाय पुन्हा गाभण होती.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या पंचफुलाकाकूचा राजा गेला. पंचफुलाकाकूची वाडी आमच्या कुंपणाला लागून. वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर काढून ती वर्ध्याच्या बाजारात न्यायची, आणि मागे थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. तिचे यजमान ट्रकवर होते. महिन्यातून एकदा घरी येत आणि झोपत. शेत तीच करायची, राजा-वजीर या बैलजोडीवर. राजा पोटफुगीनं एका दुपारीत गेला. त्यानंतर काकू बरेच दिवस आमच्याकडे आली नाही. आई तिकडे भाजी आणायला गेली की पाहून यायची आणि सांगायची, की वजीर त्याच्या जागेवरून हलत नाही. काकू आख्ख्या गव्हाणीत कुटार, म्हणजे भुसा, पसरते, पण तो आपल्याकडचं अर्धं खातो आणि राजाचं अर्धं तसंच ठेवतो. "वर्गात एखादं मूल गावाला गेलं की शेजारचं त्याच्या जागेवर दप्तरसुद्धा ठेवत नाही, तसं," आई म्हणाली.

बाबांच्या डोक्यात आलं ते त्यांच्या मानानं फार लवकर आलं. काकूकडे एक बैल, आमच्याकडे एक बैल. जोडी लावायची, काम तिच्या शेतावर करायचं, आमच्या पिकाच्या ओळींतली थोडी डवरणी त्यातच. ते संध्याकाळी कपडे बदलून, केस विंचरून कुंपणापाशी गेले, मुलगी सांगायला जावं तसे. दुसऱ्या दिवशी काकू बगळ्याला पाहायला आली. तिनंही धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिनं त्याचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला, कपाळावरचा भोवरा निरखला.

"गोरा हाय पोट्टा," ती म्हणाली. "नाकीडोळी बी बरा हाय. पण काम करते का नुसता आरशात पायते?"

"काम शिकवलं तर करेल ना," बाबा म्हणाले.

"भाऊ, तुमच्या घरचं जनावर हाय. पेपर वाचते का इचारून घ्या आधी."

आई हसली. राजा गेल्यापासून काकू त्या दिवशी पहिल्यांदा थट्टेवर आली होती, हे आईच्या लक्षात आलं असणार, कारण तिनं चहात साखर जास्त घातली.

पहिल्या दिवशी जू ठेवून मागे नुसता लाकडाचा ओंडका बांधला. वजीर नेहमीप्रमाणे डावीकडे, बगळ्या राजाच्या जागी उजवीकडे. बगळ्यानं मान झटकली, मागचे पाय वजीरच्या पायांत घातले, जुवाखालून पलीकडे जायला बघितलं आणि शेवटी सरळ बसला. उठवला, की दोन पावलं आणि पुन्हा बसायचा. काकूनं त्याला मारलं नाही. तिनं जू उतरवलं, बगळ्याला मोकळ्यावर इकडून तिकडून फिरवून पाहिलं आणि थांबली.

"हा त डाव्या बाजूचा हाय! उजवीकडं कोनी असलं तरच चालते हा. कोनं फिरवला याले?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डाव्या हातात दावं होतं. आता यात माझी काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. बैलाला बाजू असते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक होतं? जोडीतला एक जन्मभर डावीकडे चालतो आणि एक उजवीकडे, आणि लागलेली बाजू तो सहसा सोडत नाही. बाबांनी आणलेल्या शेतीच्या मासिकांत खतं होती, फवारणी होती, हे नव्हतं.

"आता काय?" बाबांनी विचारलं.

"आता काय. दोन डावे. एका पायात दोन चपला घालून कोनी चालते का?" काकू म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिनं आवाज उतरवला. "तुयी चूक नाई व बाई. पन याले बदलाले मार खावा लागन त्याले. लय."

"मारायचं नाही," आई म्हणाली.

ती इतक्या पटकन म्हणाली, की बाबांनी वळून पाहिलं. आई बगळ्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. "मारून बदलत नाही. नुसतं घाबरतं. मग दोन्हीकडून जातं." नंतर ती काकूकडे वळली. "तुमचा वजीर बदलून बघा. त्याला गव्हाणीवर राजाच्या जागी बांधा आणि याला वजीरच्या. आधी उभं राहण्याची जागा बदला, जू नंतर ठेवा. वर्गात मी असंच करते. आठ दिवस रुसतात, मग बसतात."

पंचफुलाकाकूचा चेहरा बंद झाला. "राजाच्या जागी?"

"हो."

"मॅडम, तुमची शाळा वेगळी अन् कोठा वेगळा. म्हातारा बैल बाजू नाई बदलत. अन् राजाची जागा राजाची हाय." तिनं जू खांद्यावर घेतलं, वजीरला हाकललं आणि निघून गेली. रात्री जेवताना आई म्हणाली, "मी चुकीच्या वेळी बोलले." आईच्या तोंडून असं वाक्य निघणं आमच्या घरात नवीन होतं.

मग व्यापारी आला. त्याला काकूच्या यजमानांनी धाडलं होतं. जोडी मोडली तर वजीर विकून टाक, पुढे ट्रॅक्टर लाव, असा त्यांचा निरोप होता. व्यापारी बोलायला गोड होता. तो आधी काकूकडे गेला, मग कुंपणावरून आमच्याकडे डोकावला. त्यानं बगळ्याला लांबूनच पाहिलं. दात पाहिले नाहीत, खूर पाहिले नाहीत. नुसता त्याच्या पुठ्ठ्यावर पंजा ठेवून दाबून पाहिला, जसं बाजारात टरबूज पाहतात. "म्हातारा अन् कवळा, दोन्ही संगंच नेतो," तो बाबांना म्हणाला. "गाडी शुक्रवारी हाय. दोघांचं भांडन बी मिटते." काकू कुंपणापलीकडे उभी होती. तिनं तो पंजा पाहिला. मी तिच्याकडे पाहत होते म्हणून मला माहीत आहे. बगळ्यानं माझ्या कोपराला जीभ लावली आणि मी हात काढून घेतला. एवढं एक मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदकांच्याही आधी कुंपणाशी हाक आली.

"मॅडम, ओ मॅडम! आना तुमचा तो गोरा नवरदेव. अन् पोट्टीले घेऊन येजा."

काकूनं कोठा झाडला होता. राजाची जागासुद्धा, पहिल्यांदाच. आई गव्हाणीशी उभी राहिली. वजीरला सोडून तिनं पाणी दाखवायला बाहेर नेलं, तेवढ्यात मी बगळ्याला वजीरच्या खुंट्याला बांधलं. वजीर परत आला. आपल्या जागी दुसरा उभा पाहून तो दारात थांबला. त्यानं मान खाली घालून बगळ्याला हुंगलं, ढुशी देणार असं वाटलं. मी बगळ्याच्या उजव्या अंगाला उभी होते, म्हणजे बरोबर राजाच्या जागेवर. काकू हळूच म्हणाली, "तू सरक व बाई तितून." मी सरकले. वजीर आत आला, त्या रिकाम्या जागेत उभा राहिला, खालची जमीन हुंगली, खुंटा हुंगला. मग त्यानं तोंड गव्हाणीत घातलं आणि राजाच्या वाट्याचं कुटार खायला लागला.

काकूनं पदर तोंडाला लावला. आई गव्हाणीतला नसलेला कचरा वेचायला लागली. मी व्यवहारी बाई आहे आणि मला त्याचं साधं कारणही दिसतं: राजाची बाजू चढावर होती, तिथे मूत साचत नसे, जमीन कोरडी होती. कदाचित वजीरला एवढंच हवं असेल. पण मग तो इतके दिवस ओलीतच का उभा राहिला?

शुक्रवारी गाडी आली आणि रिकामी गेली, तरी जोडी लगेच लागली असं नाही. जू ठेवल्यावर वजीर सवयीनं डावीकडे कलायचा आणि बगळ्याला नाल्याकडे ढकलत न्यायचा. बगळ्याला वाटायचं पाणी पाजायला चाललोय, तो आनंदानं जायचा. काकू मागून शिव्या घालायची, त्यातल्या काही मला आजही लिहिता येणार नाहीत. पुढे मी चालायचे, दोघांच्या मध्ये, डाव्या हातात बगळ्याचा कासरा, उजव्या हातात वजीरचा. पेरणीच्या सुमाराला ओंडका सरळ रेषेत यायला लागला आणि पऱ्हाटी वीतभर झाली तेव्हा या जोडीनं डवरा ओढला. एकही रोप पायाखाली गेलं नाही. काकूचे यजमान घरी आले तेव्हा बांधावर उभे राहून पाहत होते. "बदलला म्हनायचा म्हातारा," ते म्हणाले. काकू म्हणाली, "तुमी बी बदलून पाहा. घरी ऱ्हाऊन पाहा जरासे." ते झोपायला गेले.

पोळ्याला मात्र वेगळीच अडचण आली. जोडी तोरणाखाली न्यायची, आणि ते काम पुरुषांचं. काकूचे यजमान ट्रक घेऊन बाहेरगावी गेले होते, म्हणून बाबांनी नवा सदरा घातला, दोन्ही कासरे हातात घेतले आणि निघाले. बगळ्या दहा पावलं गेला आणि थांबला. शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरू. एरवीच तो गोंधळला होता, त्यात पुढे ओळखीची पाठ नव्हती. बाबांनी ओढलं, चुचकारलं. मग त्यांनी कासरे माझ्या हातात दिले आणि स्वतः शेजारून चालू लागले, जणू तसंच ठरलं होतं. त्या मैदानात बैलांपुढे चालणारी मुलगी मी एकटीच होते. कोणी हसलं, कोणी काही बोललं. पंचफुलाकाकू मागून मोठ्यानं म्हणाली, "ज्याले हसाचं त्यानं आपली जोडी सोडून हसा!" कारण तेवढ्यात एकाची जोडी खरंच सुटली होती.

तोरण तुटल्यावर जोडी आधी काकूच्या दारी आणि मग आमच्या दारी आली. आई ताट घेऊन उभी होती. पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. शेजारपाजारच्या बायका बघायला जमल्या होत्या. आईनं वजीरला पुरणपोळी दिली, त्यानं खाल्ली. बगळ्या मात्र ढोलाला बुजला होता. ती पोळी पुढे करी आणि तो घुंगरं वाजवत मान फिरवी. एकदा, दोनदा. वजीरही ओढ घेत होता आणि माझा उजवा हात त्याच्या कासऱ्यात गुंतलेला होता. आईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तिनं बगळ्याचा कासरा माझ्या डाव्या हातातून काढून स्वतःच्या मनगटाला गुंडाळला, ताटातली पोळी उचलली आणि माझ्या रिकाम्या डाव्या हातावर ठेवली.

"दे त्याला."

मी दिली. त्यानं पोळी घेतली, आणि खरबरीत जिभेनं तळहातही पुसून घेतला.

"मॅडम!" मागून एका म्हातारीचा आवाज आला. "नैवेद्य हाय न तो? डाव्या हातानं?"

आई चिडली की तिची शाळेतली मराठी गळून पडायची. ती मागे न वळता म्हणाली,

"मंग? बैल डाव्या बाजूचा हाय."

आणि तिनं दुसरी पोळी माझ्या त्याच हातावर ठेवली.